ढाण्या आणि पाऊस

राहुरीच्या जनावरांच्या दवाखान्यात निकिता मांजर घेऊन बसली होती. शेजारी कारभारी, त्यांची बायको चांगुणाबाई आणि त्यांचा धिप्पाड कुत्रा ढाण्या. बाहेर पाऊस लागलेला.

“रातीपासनं मुतला न्हाई त्यो,” चांगुणाबाई म्हणाली. “ओल्यात पायच टाकत न्हाई.”

“तूच लाडावून ठेवलायस त्याला,” कारभारी म्हणाले.

“मी? पावसात शेण मी काढते, धार मी काढते. तुमी वसरीवर त्याला मांडीवर घेऊन चहा पिता.”

“मग?”

“मग काय! मालकाचं बघूनच शिकलाय. डॉक्टरला इचारते, एकच औषध दोघांना चालंल का.”

निकितानं हसू मांजराच्या पाठीत लपवलं. कारभारींनी तावातावानं गोणपाटाची खोळ डोक्यावर घेतली.

“चल रं ढाण्या. आधी मी भिजतो, मग तू.”

दोघं पावसात गेले. थोड्या वेळानं बाहेरून आरोळी आली.

“मुतला गं, मुतला!”

चांगुणाबाईनं बसल्या जागेवरूनच विचारलं, “दोघांतला कोन?”