वीस हजारांतले तीन थेंब

नाही मावशी, बसा, उठू नका – लॅबचा वॉचमन काही बोलणार नाही, मी सांगितलंय त्याला. हो, तुमच्या मुलीच्या औषधाची शेवटची तपासणी मीच केली. कोणी सांगितलं तुम्हाला? असो. तिच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, विषाणूच्या मदतीनं सुधारायच्या आणि परत तिलाच द्यायच्या – हे डॉक्टरांनी सांगितलंच असेल. तो विषाणू आपला आपण वाढणारा निघू नये, एवढं मी बघायचं. कसं? मशीन नमुन्याचे वीस हजार थेंब करतं, डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक, आणि ज्यात तसल्या विषाणूचा अंश असेल तो थेंब चमकतो. चमकलेले मोजायचे. एकही चालत नाही. तुमच्या मुलीचे तीन चमकले.

तीन म्हणजे काय हो – पण दिसलं ते मी लिहिलं, खोटं नाही लिहिलं. पुन्हा तपासायला नमुना उरला नव्हता. औषध नापास झालं, दोन दिवसांत जाळलं. आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच पेशंटचे चार चमकले, सोबत ताडून बघायला नुसतं पाणी लावतो आम्ही, तेही चमकलं – पाण्यात कुठून येणार विषाणू? तुमच्या वेळी पाणी कोरं होतं, म्हणून शंका नाही आली. म्हणजे असं – तपासणी नीट चालते का ते बघायला एक कुपी असते, तिच्यात तो अंश मुद्दाम घातलेला असतो. तिच्यातलं उडून पेशंटच्या नमुन्यात जाऊ नये म्हणून ती दुसऱ्या खोलीत उघडायची. तिकडे जायचं म्हणजे गाऊन बदला, हातमोजे बदला, पंधरा मिनिटं जातात – मी माझ्याच टेबलावर उघडली. एकदाच. नाही, एकदाच नाही. बरेचदा.

म्हणजे औषध चांगलं होतं का? असेल मावशी. आता कोण सांगणार? चौकशी झाली, अहवालात 'कारण निश्चित झाले नाही' असं लिहिलंय, त्याखाली सही माझी आहे. पुन्हा पेशी काढायचं काय म्हणाले हॉस्पिटलवाले – उरल्या नाहीत ना तिच्या रक्तात? माहीत होतं मला. तुम्ही वेगळं काही म्हणाल म्हणून विचारलं.

हात नका धरू. रागवा हवं तर, पण मला पोरी म्हणू नका. जा, तिच्याजवळ बसा. आणि परत येऊ नका इथे – आलात तर मी ओळख दाखवणार नाही.