दुसरा अभय

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक विचारतो. आपली जागा दुसऱ्यानं घेतली, तर त्याचं भलं चिंतता येतं का हो? — थांबा, लगेच माना डोलावू नका! सोफ्यावरच्या आपल्या कोपऱ्यात पाहुणा बसला, तरी आपला चहा कडू होतो!

ऐका तर. श्रीरंग वाडकर म्हणून एक नट. मूळचा वेंगुर्ल्याचा. सात वर्षं उंबरे झिजवले — कधी मालिकेत पोस्टमन, कधी वरातीतला पाचवा माणूस! आणि मग एकदम नशीब उघडलं. रोजच्या मालिकेचा नायक झाला — अभय इनामदार! अहो, आमच्या काकू तेव्हा आरती उरकून घ्यायच्या. का? तर साडेसात वाजले, अभय यायचा! हसताय काय? तुम्हीही बघत होतात!

तीन वर्षं अशी गेली. एके सकाळी मेकअपच्या खुर्चीत श्रीरंग पाणी प्यायला, तर ते ओठाच्या कडेनं शर्टावर! रंगभूषाकारांचा हात थांबला. म्हणाले, "दादा, जरा हसा बघू."

श्रीरंग हसला. अर्धाच चेहरा हसला, मंडळी! डावी बाजू दगडासारखी!

डॉक्टर म्हणाले, "चेहऱ्याची नस आहे, वेळ लागेल. पण आरशासमोर रोज व्यायाम करा, मोठ्यानं बोला." मालिका कशी थांबणार? तिसऱ्या आठवड्यात पडद्यावर पाटी आली — यापुढे अभयच्या भूमिकेत निनाद मुळगुंद! तेच घर, तीच आई, तीच बायको — आणि माणूस दुसरा! श्रीरंगानं टीव्ही बंद केला. घरातल्या आरशावर टॉवेल टाकला. बोलणंच सोडलं! बायको मंजिरी विनवायची, "अहो, व्यायाम तरी करा." हा भिंतीकडे तोंड करून बसायचा.

महिन्याभरानं फोन वाजला. "दादा, मी निनाद."

यानं फोन ठेवला!

तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा, मंदिरात बसलाय!

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पोरगा रडवेला झालेला. "दादा, ठेवू नका! लोक रोज लिहितात, आमचा अभय परत द्या. उद्या मोठा सीन आहे. आज तालमीत माझं जमलं नाही. परवापर्यंत मला काढतील. तुमचा अभय चिडला, की कसा बोलतो?"

मंडळी, नुसतं गप्प बसायचं होतं! पोरगा आपोआप पडला असता. श्रीरंगाच्या मनात आलंही ते. पण त्याला स्वतःचा पहिला दिवस आठवला. वाक्य विसरला होता सोळा वेळा! तेव्हा मालिकेतल्या आईचं काम करणाऱ्या कमलताईंनी त्याला बाजूला बसवून ते पाठ करून घेतलं होतं. त्या बाईंचे त्यानं कधी आभारसुद्धा मानले नव्हते!

तो म्हणाला, "वाक्य सांग."

"मी बाबांना फसवलं नाही, माई!"

श्रीरंगानं म्हणून दाखवायला तोंड उघडलं. प, फ, ब, म — ओठ मिटल्याशिवाय येतील? बाहेर काय पडलं? "नी वावांना हसवलं नाही!"

पोरगा हसला नाही हो! शांतपणे म्हणाला, "दादा, पुन्हा एकदा. मी थांबतो."

त्या दिवशी वीस वेळा म्हटलं. मग हे रोजचं झालं. सकाळी निनादचा फोन, नवीन प्रसंग, नवीन वाक्यं! आरशावरचा टॉवेल कधी निघाला, श्रीरंगालाही कळलं नाही. ओठाला बोट लावून शब्द घडवायचा, घामाघूम व्हायचा! दोन महिने झाले. एका सकाळी मंजिरी पोळी लाटता लाटता बाहेर धावत आली, हाताला पीठ तसंच!

"अहो, आत्ता 'बाबा' म्हणालात! स्पष्ट!"

दोघंही रडली. फोनवर पलीकडे निनादही! म्हणाला, "दादा, आता तुमचा अभय तुम्ही परत घ्या."

श्रीरंग म्हणाला, "नाही रे. तो आता तुझा आहे. मला वाटत होतं मी तुला शिकवतोय. माझं तोंड तू परत आणलंस, बाबा!"

पुढं दुसऱ्या मालिकेत काम मिळालं — शाळेतले मास्तर. नायक नव्हे. हसताना ओठ अजून किंचित वाकडा जातो. पहिल्या दिवशी सेटवर जायच्या आधी तो कमलताईंच्या घरी गेला. पाया पडून म्हणाला, "दहा मिनिटं तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात. सांगायचं राहिलं होतं."

म्हातारीला ते आठवतही नव्हतं, मंडळी! त्याला आठवलं, एवढं पुरे!

आता तुमच्याकडे वळतो. ऑफिसात तुमच्या खुर्चीत कुणी नवा आला असेल, स्वयंपाकघरात सून आली असेल, भजनी मंडळात तुमच्या टाळावर दुसऱ्याचा हात असेल. तो अडखळतोय, ते तुम्ही बघताय — आणि मनातून जरा बरं वाटतंय! वाटतंय ना? मलाही वाटतं, पगडी घालून सांगतो! त्या क्षणी एवढंच आठवा, की आपण अडखळलो तेव्हा कुणी तरी थांबलं होतं. ते माणूस हयात असेल, तर प्रसाद घेऊन आधी त्याच्या दारी जा. नसेल, तर त्याच्या नावानं समोरच्यासाठी थांबा.

आता हात जोडा, आणि त्या माणसाचं नाव मनात घेऊन म्हणा — विठ्ठल!