खाट नंबर अकराची केस स्टडी

...नाही नाही, तुम्हीच सांगा, माणूस ही सिस्टीम आहे हे मला मान्यच आहे! ओपन सिस्टीम! बाहेरून आत जातं ते इनपुट, आत शिजतं ते थ्रूपुट, बाहेर पडतं ते आउटपुट, आणि त्याची खबर परत येते तो फीडबॅक. पाठ आहे मला, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत म्हणून दाखवते. पण ही सिस्टीम खाटेवर उठून बसते आणि उलट नर्सलाच विचारते, "बाई, जेवली का तू?" तेव्हा काय करायचं, हे पुस्तकाच्या त्या साडेचारशे पानांत कुठंही नाही हो. मी शोधलं. मागची सूचीसुद्धा पाहिली.

मी अनीसा, बार्शीटाकळीची. आठ वर्षं नर्स आहे, म्हणजे सुई टोचता येते आणि पेशंट ओरडला की आपल्यालाही मनातल्या मनात ओरडता येतं. आता डिग्री करतेय, अमरावतीच्या कॉलेजात. कशाला करतेय, ते मला विचारू नका... मीच रोज सकाळी काळीपिवळी जीपमध्ये अकरावी सवारी होऊन अर्ध्या मांडीवर बसते आणि स्वतःला विचारते. घरी आठ महिन्यांची लेक, अफिफा. तिला सांभाळायला सासूबाई, हलीमाबी. नवरा ताहेर गाद्या भरतो, आणि साल असं की कोणी नवी गादी भरत नाही, जुनीच उलटून झोपतात लोक. अशात मी थिअरी शिकतेय. छान!

तर तुम्हाला सांगते, महिनाभर अकोल्याच्या एका सरकारी वॉर्डात पोस्टिंग. एक पेशंट निवडा, त्याला सिस्टीमच्या थिअरीत बसवा, आणि शनिवारी परीक्षक मॅडम येतील त्यांच्यासमोर मांडा. पेशंट म्हणायचं नाही, हां. क्लायंट!

माझी क्लायंट खाट नंबर अकरा, पार्बताबाई, तेल्हाऱ्याकडची. पायात पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडाचा, खुंट शिरला. शुगर आहे हे माहीत नव्हतं, जखमेत हळद-चुना भरला आणि पंधरा दिवस त्याच पायानं वावरात राबली. अंगठा काळा पडला. डॉक्टर म्हणाले, अजून दहा दिवस इंजेक्शन आणि ड्रेसिंग, मधेच उठून गेली तर अंगठ्यावर भागायचं नाही, पाऊल कापावं लागेल. पार्बताबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गुरवारी मी घरी जातो."

का? तर वावरात कापूस फुटला! वेचणी लावायची, आणि वेचणीच्या आधी सीतादही. घरच्या बाईनं पऱ्हाटीला दहीभात वाहायचा, मगच वेचणाऱ्या बायांनी बोंडाला हात लावायचा. घरात दुसरी बाई नाही. पोरगा तिशीचा झालाय, पण शेती करतो म्हटल्यावर पोरगी कोण देतं? तेव्हा सून नाही, आणि सून नाही म्हणून पाऊल गेलं तरी चालेल... आता हे कुठल्या रकान्यात लिहू मी?

मी आपला फॉर्म उघडला. पहिला रकाना, ताण. "पार्बताबाई, तुम्हाला कशाकशाचा ताण आहे?"

"ताण? पऱ्हाटीले पान्याचा? थो मांगच्या मयन्यात जीपवाले सायेब लिहून घेऊन गेले. थ्यायले विचार." आणि लगेच, "बाई, जेवली का तू?"

मग आकृती. मधे एक गोल, तो क्लायंट, आणि भोवती कड्यांवर कड्या, म्हणजे ताण आत शिरू नये म्हणून संरक्षण. मी दोन दिवसांत चार वेळा काढली, कंपास वापरून. पार्बताबाईनं वही उलटी धरून पाह्यली. "हीर काढली का?"

"विहीर नाही हो, ह्या तुम्ही आहात."

"मी व्हय?" कड्यांवरून बोट फिरवलं बिचारीनं. "मंग पानी कोठी लागलं?"

मी वही मिटली.

बरं, पुस्तकात नर्स आणि क्लायंट यांच्यामध्ये एक सीमारेषा असते. नर्सनं विचारायचं, क्लायंटनं सांगायचं, नर्सनं आपलं घरचं काढायचं नाही. तिसऱ्या दिवशी हिशेब असा की पार्बताबाईला माझ्या सासूचा गुडघा, ताहेरचा कापसाच्या धुळीचा खोकला, अफिफाचे दोन दात, आणि दुपारी बारा वाजता माझं दूध दाटून गणवेश ओला होतो इथपर्यंत सगळं ठाऊक. मला तिचं काय ठाऊक? ब्लडप्रेशर. तेही सकाळचं.

बुधवारी दुपारी पाहते तर काय, बाईचं गाठोडं एक दिवस आधीच बांधून तयार! नवरा नत्थुजी शेजारी उभा. तीन दिवसांत हा माणूस एक शब्द बोलला नव्हता, आता बोलला. "सिस्टरबाई, आंगठा कोठी देऊ?" म्हणजे 'आमच्या जबाबदारीवर नेतो' त्या कागदावर. मी समजावलं. शुगर समजावली, रक्तवाहिन्या समजावल्या, पाऊल गेलं तर काय होईल ते तीनतीनदा समजावलं. पार्बताबाई मान हलवतेय, हलवतेय... "समदं पटलं, बाई. जातो मंग."

आणि नेमका तेव्हाच वॉर्डचा फोन वाजला, माझ्यासाठी. हलीमाबी! "बहू, छोकरी बोतल पकडतीच नई! सुबू से रो रई! मेरे से नई संभलती, तू आ!"

आता मी काय करायला हवं होतं? खोल श्वास, प्रसन्न चेहरा, संवाद पुढे चालू. मी काय केलं? स्टुलावर बसले आणि रडले. क्लायंटसमोर! गणवेश पुढून ओला, डोळे वरून ओले, नुसतं आउटपुट!

"बाई," पार्बताबाई म्हणाली, "जेवली का तू?"

"नाही!" मी ओरडलेच. "नाही जेवले! रोज विचारता, रोज नाही जेवले! डबा तसाच आहे, दहीभात आहे त्यात, तुम्हाला पाहिजे का?"

पार्बताबाईनं डब्याकडे पाहिलं. मी पार्बताबाईकडे पाहिलं. आणि नत्थुजी आयुष्यातलं दुसरं वाक्य बोलला, "दहीभात तं दहीभातच हाय."

मग जे ठरलं ते असं. गुरुवारी पहाटे नत्थुजीनं पऱ्हाटीचं एक झाड उपटून एसटीनं आणायचं, पार्बताबाईनं खाटेवरूनच दहीभात वाहायचा, उरलेला त्यानं वावरात नेऊन शिंपायचा, आणि वेचणी सुरू. मी घाबरत विचारलं, दहीभात आमच्या घरचा, सासूच्या हातचा, चालेल का? "दही म्हशीचं हाय ना? मंग!" गाठोडं सुटलं. "दहा दिवस राह्यतो मी. पन तुले रोज माह्यासमोर जेवाव लागन. अन सासूले सांग, दुपारच्याले पोरगी घेऊन इकडंच ये म्हना. त्या कडुनिंबाखाली पाजून घेत जाय." तुम्हाला सांगते, नर्स आणि क्लायंटनं मिळून ध्येय ठरवणं यावर पुस्तकात दीड पान आहे. आमचं दीड मिनिटात झालं.

आणि गुरुवारी... परीक्षक मॅडम आल्या! शनिवारच्या ऐवजी गुरुवारी! कारण शनिवारी त्यांच्या भाचीचं साक्षगंध! दारात मॅडम, मागे इन्चार्ज सिस्टर पांढरीफटक, आणि खाट नंबर अकरावर पऱ्हाटीचं झाड, बोंडांसकट, मुळांच्या मातीसकट, ड्रेसिंगच्या किडनी ट्रेमध्ये उभं, ते मी दोन्ही हातांनी धरलेलं, आणि त्याच्यावर पार्बताबाई हलीमाबीचा दहीभात वाहतेय.

"हे काय आहे?"

तोंडातून काय निघावं? "एन्व्हायरनमेंट, मॅडम."

"ते आत कसं आलं?"

"ओपन सिस्टीम आहे, मॅडम."

मॅडमनी मला सोडलं आणि क्लायंटकडे वळल्या. "मावशी, या सिस्टरनं तुमच्यासाठी काय काय केलं, सांगा बरं." झालं! पार्बताबाई वीस मिनिटं बोलली, आणि सगळं माझ्यावर! "सकायी सातले निंगते थे, डबा तसाच वापस नेते, आंग दाटते तिचं, पोरगी बाटली धरत नाई, अन तुमी तिच्याजोळून गोल गोल हिरी काढून घेऊन राहिले! मी उपाय सांगतला, कालपासून जेवून राहिली. दोन दिस पाह्यतो, नाई फरक पडला तं अजून पाहू." तपासणी, नियोजन, उपचार, पुढचा फेरा... एक पायरी चुकली नाही हो बाईची! मॅडम भराभर लिहून घेत होत्या. शेवटी चष्मा काढून हळूच म्हणाल्या, "अनीसा, यात क्लायंट कोण?"

मी हातातलं झाड तेवढं सरळ केलं.

शेरा आला: 'सीमारेषा पाळलेली नाही. केस स्टडी पुन्हा सादर करावी.'

पार्बताबाई दहा दिवस राहिली. अंगठा गेला, पाऊल राहिलं. आपल्या पायानं चालत गेली, थोडी तिरपी. नत्थुजीनं पहिल्या वेचणीचा कापूस आणून दिला, फडक्यात बांधून. क्लायंटकडून काही घ्यायचं नसतं, नियम आहे. घेतला मी. ताहेरनं सरकी काढून, पिंजून अफिफाची उशी भरली. या सालातली त्याची पहिली नवी उशी, आणि गिऱ्हाईक घरचंच.

आणि मी? मी पुन्हा पहिल्या रकान्यावर. मॅडम म्हणाल्या, या वेळी असा पेशंट घे, जो तुला उलटं काही विचारणार नाही. शोधला. तुम्हाला सांगते, अख्खा वॉर्ड पालथा घातला आणि मिळाला! खाट नंबर चार. बेशुद्ध आहे बिचारा, बरा होईल म्हणतात, पण सध्या एक शब्द नाही. मी स्टूल ओढलं, फॉर्म उघडला, पेनाचं टोपण काढलं...

उशाशी त्याची आई बसली होती. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाई, जेवली का तू?"