पांढरी डबी

शितल : वहिनी, फॅन जरा माझ्याकडं फिरवा ना. तोंडाला वारं लागलं की आग कमी होती.

अनुपमा : फिरवते. आधी ती ओढणी सोड. पार्लरच्या खुर्चीत बसूनही तोंड बांधलेलंच ठेवलंस तर मी मेकअप कुणाला करू, आरशाला?

झुंबरबाई : सोडंल कशाला? वरीस झालं अशीच हिंडती. कांदं काढाया चल म्हनलं तर ऊन चावतं. चुलीम्होरं बस म्हनलं तर आच चावती. आमच्या घरात मेनाची पोर ही पयलीच.

शितल : आज्जे, आजच्या दिवस तरी नको.

झुंबरबाई : मग कवा बोलू? पाच वाजता केडगावची मानसं तुला बघाया यायची. तुझा बाप सकाळधरनं अंगनात पानी मारतोय. अनुपमा, तू शिकल्याली हाईस, तुझ्या हातात कला हाय. तेवढी त्या फोटोवानी करून दे हिला.

अनुपमा : कुठल्या फोटोसारखी, आज्जी?

झुंबरबाई : तूच काढल्याला न्हाई का, गेल्याच्या गेल्या दिवाळीला. हिच्या बापानं, पोपटानं, त्योच धाडलाय तिकडं. पोराच्या आईनं फोनवर इचारलं, पोरगी फोटोत हाय तशीच हाय न्हवं? पोपट व्हय म्हनला.

अनुपमा : फार काही करायचं नाही. एप्रिल आहे, पाच वाजतासुद्धा सगळं घामात ओघळतं. बर्फ फिरवू, अगदी पातळ बेस, डोळ्यांत काजळाची एक रेघ, ओठाला बोटाने टिपून थोडा रंग. सैल वेणी. वीस वर्षांच्या मुलीला आणखी काय लागतं?

शितल : ‘कोवळ्या चेहऱ्याला मेकअप लागतच नाही, नुसतं तेज लागतं.’ तुमच्या स्टेटसला होतं ते, पहिल्या वर्षाला होते तवा.

अनुपमा : पाठ आहे तुला? चल, मान वर कर. ओढणी दे इकडे.

शितल : घ्या.

झुंबरबाई : बगितलं? टमाट्यावानी झालीया.

अनुपमा : शितल, हे कधीपासून आहे?

शितल : काय?

अनुपमा : गालावरच्या या बारीक शिरा. हनुवटीवरचे केस. हे पुरळ.

शितल : मागच्या उन्हाळ्यापासनं. कालच्यानं जरा जास्त झालंय.

अनुपमा : काल काय झालं?

झुंबरबाई : काय व्हायचंय? शेतात गेलती चार मानसांसंगट. तिला काय तोफंच्या तोंडी दिली व्हती व्हय? आगं, तुझी पोरगी बघ. स्टुलावर चढली.

अनुपमा : सई! खाली उतर. त्या डबीला हात नाही लावायचा. ठेव. ठेव म्हणते ना. दाखव हात, झाकण उघडलं होतंस का? तोंडाला लावलंस? इकडे ये, हात धुऊ आधी.

झुंबरबाई : आगं, डबीच हाय. पोर घाबारली. एवढं काय त्यात, इख हाय का?

अनुपमा : नाही हो आज्जी. पडली असती म्हणून.

झुंबरबाई : मी जाते, कुशाबाईकडनं मोगऱ्याचं गजरं आनते. तवर हिचं तोंड माणसावानी कर.

शितल : उन्हाची जाऊ नको, आज्जे.

झुंबरबाई : मला न्हाई चावत.

अनुपमा : सई, तू आत जाऊन चित्र रंगव. जा बाळा. मी रागावले नाही.

शितल : तीच डबी ना, वहिनी?

अनुपमा : कुठली?

शितल : पांढरी. तुम्ही मला गेल्याच्या गेल्या दसऱ्याला दिलेली. तवा ती खालच्या कप्प्यात असायची, नेलपॉलिशपाशी. आता एवढी वर का ठेवली?

अनुपमा : सई चालायला लागली ना. सगळंच वर ठेवलंय.

शितल : नेलपॉलिश खालीच आहे.

अनुपमा : शितल, मी तुला पंधरा दिवस लाव म्हटलं होतं. तू किती दिवस लावलीस?

शितल : पंधरा दिवसांत गोरी झाले. वर्गातल्या पोरी विचारायच्या, काय लावतीस? पप्पा म्हणले, बस झालं आता, आपली पोरगी चार लोकांत उठून दिसती. मग बंद केली. चौथ्या दिवशी तोंड असं फुललं, की मला वाटलं क्रीम सोडली म्हणूनच झालं. परत लावली. लगेच गेलं.

अनुपमा : मला का नाही विचारलंस?

शितल : तुम्ही चार महिने दौंडला माहेरी होता. पार्लरला कुलूप. पण तुमच्या केराच्या डब्यात एकदा रिकामी ट्यूब बघितली होती मी, तिचं नाव ध्यानात होतं. मेडिकलमधनं आणली. कोल्डक्रीममध्ये कालवायची, तुम्ही करायचा तशी.

अनुपमा : कितीदा आणलीस?

शितल : मोजलं न्हाई. दीड वर्ष झालं.

अनुपमा : दीड वर्ष.

शितल : कॉलेजची एसटी शिरूरला पोचायच्या आत खिडकीकडचा गाल पेटायचा. मग मी दुसऱ्या बाजूला बसायचे. येताना ऊन त्या बाजूला. एस. वाय.च्या परीक्षेला गेलेच न्हाई. घरी म्हणले, हिला शिकायचं न्हाई, हिला सावलीत बसायचंय.

अनुपमा : ती ट्यूब गजकर्णाची असते. डॉक्टरने सांगितली तर, थोडे दिवस. तोंडाला नसते लावायची. कातडी पातळ होत जाते, मग ऊन, वाफ, काहीच सोसत नाही. आणि सोडली की भडकते.

शितल : तुम्हाला माहीत होतं?

अनुपमा : दौंडच्या क्लासमध्ये मॅडमनी शिकवलं होतं. उन्हाळ्यासाठी खास, लग्नसराईत चांगली जाते म्हणाल्या. सगळ्याच करायच्या.

शितल : तुम्ही बी.एस्सी. झालाय ना? केमिस्ट्री. बाहेर पाटीवर लिहिलंय.

अनुपमा : ट्यूबच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो. बारीक अक्षरात. मी वाचला होता. मला वाटलं, पंधरा दिवसांनी काय होतंय.

शितल : तुम्ही स्वतः लावली का कधी?

अनुपमा : नाही.

शितल : हां.

अनुपमा : शितल, उद्या आपण कातडीच्या डॉक्टरकडे जाऊ. मी येते तुझ्याबरोबर. ते हळूहळू बंद करायला लावतील. मध्ये त्रास होईल, पण बरं होतं.

शितल : किती दिवसांत?

अनुपमा : काही महिने. एखादं वर्षही.

शितल : मग फोटोसारखी होईन?

अनुपमा : नाही. आधी होतीस तशी.

शितल : सावळी.

अनुपमा : सावळी. छान दिसायचीस गं. बारावीच्या निरोप समारंभाला मी तुला नुसतं काजळ घातलं होतं, आठवतं?

शितल : तसं तवा सांगायचं ना, वहिनी. करा चालू. पाच वाजतील.

अनुपमा : आज बेस जरा जास्त घेते. लाली झाकेल, दोन तास तरी टिकेल. हलू नको.

शितल : स्स.

अनुपमा : झोंबतंय?

शितल : मिरची चोळल्यासारखं. लावा तुम्ही.

अनुपमा : पुसते. नाही लावत. डोळे मिट, ओला कपडा ठेवते.

शितल : मग ते लोक आल्यावर?

अनुपमा : आज्जींना सांगू, ऊन लागलंय. आठवड्यानं या म्हणावं त्यांना.

शितल : म्हंजी परत ऊनच. वहिनी, मला तुमच्याकडनं एकच पाहिजे. आजीला खरं सांगा. मी नखरे करत न्हाई एवढं तिला कळू द्या.

अनुपमा : सांगते. आजचा दिवस जाऊ दे, मग सांगते.

शितल : मग कवा?

अनुपमा : तुला कळत नाही का? आपल्या मांडवगणात एका घरात बोललं की संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्त्यांवर जातं. पार्लर बंद पडेल ते पडू दे. पण सासूबाई, सईचे बाबा... उद्या सईला शाळेत घालायचंय. त्या डबीवालीची पोरगी म्हणतील तिला.

शितल : मला वर्षभर काय काय म्हणतात ते सांगू?

अनुपमा : नको.

शितल : काल आजीनं ओढणी काढून घेतली. म्हणली, बघू ऊन कसं खातं तुला. दोन तास कांद्याच्या वाफ्यात होते मी. ती वाईट न्हाई, वहिनी. माझ्यासाठी अजून बोरं पदरात बांधून आणती. तिला फक्त माहीत न्हाई.

झुंबरबाई : दोनच गजरं घावलं. आगं, हे काय? अजून तशीच? ओलं फडकं टाकून निजवलीस व्हय हिला?

अनुपमा : आज्जी, बसा. पाणी देऊ?

झुंबरबाई : पानी नको. चार वाजाय आलं. का बसून राह्यलीस?

अनुपमा : आज्जी, शितलला ऊन खरंच चावतं.

झुंबरबाई : तू बी तिचीच री वढ.

अनुपमा : मी तिला एक क्रीम दिलं होतं. गोरं व्हायचं. त्यात औषध होतं, तोंडाला लावायचं नसतं असं. त्यानं तिची कातडी गेलीय. आग होते म्हणते ना, ती होते. चुलीपुढे, उन्हात, सगळीकडे. ती खोटं बोलत नव्हती.

झुंबरबाई : तू दिलंस?

अनुपमा : मी दिलं.

झुंबरबाई : ठावं असताना?

अनुपमा : थोडं माहीत होतं. थोडं मी माहीत करून घेतलं नाही.

झुंबरबाई : ती मघाची डबी?

अनुपमा : हो.

झुंबरबाई : म्हनून पोरीवर वरडलीस.

अनुपमा : हो.

झुंबरबाई : अजून कुनाकुनाला दिलीस?

अनुपमा : नऊ जणी आहेत. दोघींची लग्नं झाली. प्रत्येकीच्या घरी जाते मी. आजपासूनच.

झुंबरबाई : जा. एकटी जा, फोन करू नगंस. आन् त्या डब्या आदी उकिरड्यात पूर. शितले, बघू.

शितल : नको आज्जे, हात लावू नको. हुळहुळतंय.

झुंबरबाई : न्हाई लावत. लांबूनच बघती. हे... हे कालचं हाय?

शितल : थोडं कालचं. थोडं आधीचं.

झुंबरबाई : तू मला म्हनली व्हतीस. वाफ्यात. आज्जे, भाजतंय म्हनलीस.

शितल : जाऊ दे.

झुंबरबाई : मी हासले व्हते, तिकडं गेनबाची सून बी हासली. दोगी हासलो.

अनुपमा : आज्जी, पोपटकाकांना फोन करून त्या लोकांना थांबवायचं का?

शितल : न्हाई. येऊ द्या त्यांना. फोटो बघितलाय, आता हे बघू द्या. न्हाई म्हणाले तर न्हाई. पप्पांना मात्र आधी सांगायचं, आणि वहिनींनीच सांगायचं.

अनुपमा : येते मी तुमच्याबरोबर. सईला शेजारी ठेवते.

झुंबरबाई : गजरं तरी माळ. एवढं आनल्यात.

शितल : एकच माळ आज्जे, वेणीला. दुसरा सईला द्या.

अनुपमा : टिकली लावू? कपाळाला पुरळ नाही तिथं, बरोबर मधे. बारीक लावते.

शितल : लावा. झालं?

अनुपमा : झालं. आरसा देऊ?

शितल : नको. चला, उशीर होईल.

झुंबरबाई : थांब. ओढनी ऱ्हायली तुझी. नीट बांद, गाल उघडा ठिवू नगंस. भाईर ऊन हाय.