खळीचा वास

लोंढा जंक्शनला बेळगावची गाडी उशिरा होती. शेजारच्या बाकावर वडगावचे एक विणकर आणि गोव्यात कामाला असलेला त्यांचा मुलगा बसले होते.

“आप्पा, ही बियर मी सोता केलीया. गोव्यातला आमचा कारखाना लहान हाय, पर चव बघा की.”

“थांब, आदी बोटांत चोळून बघतो.”

“सुताला लावायची खळ न्हवं ती!”

“वास तर तसलाच येतोय. खळ आंबली की आमी गटारात वततो.”

“आमी मुद्दाम आंबवतो.”

“व्हय? लई कडू हाय रं. पर मागनं भाजलेल्या सातूची चव येतीया.”

“सातूचीच हाय, आप्पा!”

“बाटलीवर तुजं नाव कुठं हाय?”

“न्हाय. मालकाचं असतंय.”

“आमच्या साडीवरबी दुकानदाराचंच असतंय. आण, अजून एक घोट दे.”