मिठागरातलं उत्तर

अरे, परवा आमच्या केमिकल कंपनीत प्रोसेस इंजिनिअरच्या मुलाखती घेत होतो. उरणकडची वैशाली समोर बसली होती. मी विचारलं, "मिठाचा दाणा मोठा हवा असेल तर काय कराल?"

ती पटकन बोलून गेली, "पाणी हलवायचं न्हाय, सर. आमचा आजा मिठागरात कुणाला पाय घालू द्यायचा न्हाय." आणि लगेच ओशाळली. "सॉरी सर, पुस्तकातलं सांगते."

मला माझ्या बापाचे मिठाने भेगाळलेले पाय आठवले. म्हटलं, "पुस्तक राहू दे. आजा आणखी काय सांगायचा?"

मग वाफे, खारं पाणी, वारा यावर आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो. नोकरी तिलाच दिली. ती गेल्यावर माझ्या शेजारी बसलेल्या एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्हाला मिठागराचं एवढं कसं माहीत?"

"माझा बापूस मिठागरातच राबला," मी म्हणालो. माझ्या स्वतःच्या मुलाखतीत मी 'वडील शेती करतात' असं सांगितलं होतं.