भिंतीवरचं टमाटं

...न्हाई न्हाई, तुमी बसा, मी उठत न्हाई. भिंतीला पाठ लावून बसलोय, तसाच बसनार. का म्हणून काय इचारता? मी म्हणतो, त्या भिंतीला हात लावायचं नडलं काय हुतं?

आता तुम्हाला सांगतो, आमच्याकडं टमाट्याचं बी पुडीत ठेवत न्हाईत. पिकलं टमाटं पिळायचं, बी राखंत कालवायचं आन चुलीजवळच्या भिंतीला थापायचं. धुरानं कीड लागत न्हाई. आधी माझी आई थापायची, आता आमची कारभारीण, लिडिया थापती. फाकीफाकीचं, आंबटढाण गावरान टमाटं... बाजारात नेईपर्यंत फुटतं, पन रश्श्यात पडलं की शेजारी वाटी घेऊन दारात! दर साली कापणीच्या सणाला त्याची पाटी चर्चमधी जाती, देवापुढं लिलाव हुतो. आई गेली तरी एक साल चुकलेलं न्हाई.

यंदा पाऊस हटंना म्हणून पेरायचं लांबलं. तेवढ्यात आमच्या पोरीचा, ग्रेसचा, साखरपुडा ठरला आन पुण्याहून आमचं चिरंजीव आलं, इमॅन्युएल! मी गेल्तो सोनईला आचारी ठरवायला, लिडिया महिला मंडळात. परत येतो तर काय... गुलाबी! चकचकीत ऑईलपेंट! "पप्पा, पाव्हणे काय म्हणतील? भिंतीला शेण लागलं होतं." अरे, शेण? तुझ्या आजीचं बी हुतं ते! मी म्हणतो, त्या भिंतीला हात लावायचं नडलं काय हुतं?

पाव्हणं गेलं. दिवाळी उलटली, मग उलथनं घेतलं आन भिंतीला भिडलो. खरवड, खरवड... मूठभर पापुद्रं निघालं. त्यात बी कुठलं, रंग कुठला, वळखंना. सगळंच पेरलं! थंडी ही मरणाची, आन ज्यो त्यो शहाणा. नर्सरीवाला म्हणतो, "काका, हायब्रीडची तयार रोपं न्या, आजच लावा!" लखलाभ तुझी तुला! आमचा शेजारी, श्रीमंत त्याचं नाव, कुंपणावरनं, "काय इसहाकराव, गुलाबी टमाटी येत्यात काय औंदा?" दात काढतोय वर! व्याह्यांनी साखरपुड्यात दिलेली शाल मी रोपांवर पांघरली, तर लिडिया म्हणती, "मला कधी पांघरली न्हाई ती." आता ह्याला काय बोलायचं?

पाच रोपं जगली. चार आकसली, फुलं गळली. पाचव्याला टमाटं धरलं... एक! सण आला तवा ते पिकलं. आता देवाला द्यावं तर बी संपलं, घरी ठेवावं तर आईचा नेम मोडला. जीव नुसता टांगणीला!

लिडिया म्हणली, "न्यायचं. लिलावात आपुनबी बोली लावू शकतो की."

पाळकसाहेबांनी ते इवलंसं टमाटं वर धरलं. मी बोललो. मागनं श्रीमंत बोलला. मी चढलो, त्यो चढला. त्याला टमाटं नको हुतं वो, त्याला माझी गंमत बघायची हुती! समदं चर्च हसतंय! शेवटी उभा राहून वरडलो, "श्रीमंत, आईचं शेवटचं हाय रं ते!"

श्रीमंत खाली बसला, पुन्यांदा बोलला न्हाई.

आनलं घरी. माझंच टमाटं, मीच इकत घेतलेलं! काल लिडियानं पिळलं, राखंत कालवलं, थापलं... सर्रकन खाली! ऑईलपेंटवर राख धरती व्हय? मी खरवडलेला पट्टा तेवढा उघडा, तिथं बसलं कसंबसं. आन मघाशी फोन! "पप्पा, लग्नात तो पट्टा फार वाईट दिसेल. निघालोय, रंगाचा डबा घेऊनच येतो."

म्हणून बसलोय भिंत झाकून. येऊ दे त्याला! मी म्हणतो, त्या भिंतीला...

काय गं लिडिया? उठू? आन कशाला?... हे घे, उठलो. बघ, भिंत हाय तशी... आं? बी कुठाय?

...पाठीला?

वलं हुतं व्हय अजून...

बरं. असू दे. सदरा काढतो, खुंटीला टांगतो, पेरणीपर्यंत धुवायचा न्हाई. आन इमॅन्युएल आला की सांग त्याला, कुठली भिंत रंगवायची ती रंगव बाबा... सदऱ्याला तेवढा हात लावू नको!